वाघजाईचा कौल आणि दहा नंबरचा पाना

मत्सर हे माझं जुनं दुखणं आहे, हे आधीच कबूल करते. देवधर्म मी लहानपणापासून करते, उपास कधी चुकवला नाही, पण आमच्या वाघजाईपुढे उभी राहिले की तोंडातून स्तुतीपेक्षा तक्रारच जास्त निघायची. लग्नानंतरची तीस वर्षं ती तक्रार जहाजाची होती. हे जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी, आणि त्या तीन महिन्यांतही मन अर्धं इंजिनरूममध्ये. निवृत्त होऊन रत्नागिरीला कायमचे आले तेव्हा मी देवीची खणानारळाने ओटी भरली. म्हटलं, बाई, आता नवरा माझा. पुरता आठवडा झाला नसेल, मुंबईहून ट्रकवर चढून ती आमच्या अंगणात उतरली.

ती म्हणजे गाडी. इटालियन बनावटीची, निळी, तेव्हाच वयात आलेली आणि आता तर पार म्हातारी. तरुणपणी इटलीतल्या कुठल्याशा बंदरात यांचं जहाज दुरुस्तीसाठी तीन महिने अडकलं होतं. तिथे तिच्याच घराण्यातली एक गाडी यांनी पाहिली आणि मनात धरून ठेवली. माझं स्थळ त्यानंतर दोन वर्षांनी आलं. म्हणजे क्रम लावायचा तर सवत मीच.

आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तांबं टिकत नाही. वायरींची टोकं हिरवी पडतात, जोड गंजतात. त्यामुळे हिचं रोज काहीतरी नवीन. उजवा इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा शून्यावर. हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर चढून बसणार. गाडी अंगणात उभी आणि स्पीडोमीटर म्हणतोय ताशी चाळीस. ह्यांना मात्र यात कंटाळा नव्हता, उलट आनंदच. सकाळचा चहा झाला की डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवे, आणि तिथूनच हाक, "अगं, जरा बॅटरी धर." बॅटरीचा झोत धरून उभं राहणं हा माझ्या संसाराचा उत्तरार्ध. माझ्या गुडघ्याची चौकशी महिन्यातून एकदा, हिच्या वायरिंगची रोज. "आज रुसलीये," "आज जरा बरी आहे," असं तिच्याबद्दल बोलायचे तेव्हा माझा तिळपापड व्हायचा. लोखंडाच्या डब्याचा कसला हेवा करायचा, असं स्वतःलाच बजावायची. पण ज्याला हेवा म्हणतात तो समोर काय आहे ते बघत नाही.

लग्नाला चाळीस वर्षं झाली त्या दिवशी आम्ही दापोलीजवळच्या मुरुडला जाणार होतो. दोन दिवस समुद्रकाठी, दोघंच. मी अंजिरी रंगाची साडी नेसून, डबे भरून ओटीवर येऊन बसले. हे गाडी बाहेर काढायला गेले आणि काटा थरथरला. "पाच मिनिटं," म्हणाले. त्या पाच मिनिटांची संध्याकाळ झाली. मधे दोनदा मला त्याच साडीत बॅटरी धरायला बोलावलं. दिवेलागणीला हात काळे, तोंड काळं आणि डोळे चमकतायत अशा अवस्थेत मला म्हणाले, "सापडलं! डाव्या पायापाशी पत्र्याच्या आड अर्थिंगचा नट आहे बघ, तो गंजला होता. वीज परत जायला वाट नाही, म्हणून सगळे काटे वेड्यासारखे नाचत होते. पॉलिश पेपरने घासून पक्का आवळलाय. आता दहा वर्षं तिकडे बघायला नको." मुरुडचं नावही नाही. डबे मीच उघडले आणि मीच ते अन्न गरम करून वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपले होते. मी अंगणात गेले, त्यांच्या पेटीतला दहा नंबरचा पाना घेतला, डाव्या पायाजवळचा तो पत्रा काढला आणि तो नट दोन आटे ढिला केला. अगदी निघेल असा नाही. उभ्या गाडीत टेकून राहील आणि खड्ड्यात सुटेल इतकाच. दहा वर्षं ज्याच्या हाताशी बॅटरी धरली त्याची कामाची रीत मला माहीत होती. जे काम स्वतःच्या हाताने केलं, त्यावर हे पुन्हा कधी संशय घेत नाहीत. मग देवघरात जाऊन हात जोडले. म्हटलं, आई, ही ब्याद घरातून जाऊ दे, तुझी ओटी भरीन. देवीला लबाडीत भागीदार करून घेतलं, आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

काटे पुन्हा नाचायला लागले. हे आधी हसले, मग कामाला लागले. मीटरचा सगळा संच खाली काढला, जोड धुतले, फ्यूज बदलले, दोन ठिकाणी नव्याने झाळ दिली. अंगणात तपासावं तर सगळं ठीक, भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन यावं तर काटे सैरभैर. तीन आठवडे गेले. वहीत लिहून ठेवायला लागले, आज काय तपासलं, कोणती वायर, किती वाजता. मग ती वही पुन्हा पुन्हा वाचायला लागले. "हे मी काल बघितलं होतं ना गं?" असं मला विचारायला लागले. मी "होय" म्हणायची आणि माझ्या भांड्यांकडे वळायची.

एका दुपारी जेवताना घास तसाच ताटात ठेवून म्हणाले, "बाबांचं असंच सुरू झालं होतं." माझे सासरे सत्तरीत सगळं विसरत गेले. शेवटी शेवटी शेजाऱ्यांच्या दगडी गडग्यापाशी उभे राहून आपलं घर कुठलं ते विचारायचे. ह्यांना आता अडुसष्टावं चालू होतं. "जहाजावर डोळे मिटून बिघाड काढायचो मी," म्हणाले. "आता एवढीशी गाडी कळत नाही. डोकं चाललं माझं." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. गुपचूप जाऊन नट आवळून टाकावा असंही मनात आलं. पण बिघाड आपोआप गेला तर ह्यांची भीती वाढलीच असती. कारण न सापडता गेलेला बिघाड गेला, असं हे मानतच नाहीत. हे झालं माझ्या मनाने दिलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी संगमेश्वरच्या एका माणसाला फोन करून गाडी द्यायचं कबूल केलं होतं. रविवारी तो येऊन घेऊन जाणार होता. चारच दिवस उरले होते, आणि मला ती जायला हवी होती. नवऱ्याचं काळीज समोर तुटत होतं आणि मी दिवस मोजत होते.

शुक्रवारी हे म्हणाले, "देवीकडे जाऊन येऊ. हिलाही शेवटचं दर्शन घडू दे." हिलाही! तेवढ्यातही माझ्या पोटात दुखलंच. वाघजाईचं देऊळ भाट्याच्या पलीकडे, वर कातळाच्या सड्यावर आहे. गाडी वीसच्या वेगाने चालवत, नाचणाऱ्या काट्यांकडे न बघता हे गेले. सगळीकडे आंब्याला मोहोर होता.

देवळात गुरव होते. आमच्या ओळखीचे, साठीचे, कमी बोलणारे. ह्यांनी एकदम कौल लावायला सांगितला. मी चपापले, कारण आयुष्यात ह्यांनी कधी कौल लावला नव्हता. हे सगळं माझं खातं. आमच्याकडे देवीला काही विचारायचं असलं की फुलांचे ओले कळे मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गुरवांनी कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं, "आई माझे, ही दोन लेकरं तुझ्या पायाशी आली हायत. भाऊंच्या मनात भय बसलाय. त्यांची बुद्धी शाबूत असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे, पण त्यांना मोकळं कर."

आम्ही बसलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. दोन्ही कळे जागच्या जागी. हे टक लावून मूर्तीकडे बघत होते. शाळेत निकालाच्या दिवशी मूल बघतं तसे. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी जमिनीकडे बघत होते. अर्धा तास झाला तेव्हा गुरव हळूच म्हणाले, "असा अडला म्हंजे काहीतरी बोलायचं राह्यलंय. भाऊ बोलले. वैनी, तुमी काय बोललाव नाय."

ते असं प्रत्येकालाच म्हणत असतील. कौल अडला की गुरव हेच विचारतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी मान वर केली. देवीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा तिला काय सांगावं ते सुचेना. तिला सगळं आधीच माहीत होतं. सांगायचं होतं ते दुसऱ्याच कोणाला तरी.

उठून बाहेर आले. गाडीची मागची डिकी उघडून पेटीतला पाना काढला आणि माझे दुखरे गुडघे कातळावर टेकून डावीकडचा पत्रा काढला. हे मागोमाग आले. "अगं, काय करतेस?" मी पाना नटावर बसवला. दोन आटे आवळले. म्हटलं, "चालू करा. त्या दगडांवरून फिरवून आणा."

देवळापुढच्या खडबडीत कातळावरून त्यांनी गाडी एकदा नेली आणि परत आणली. काच खाली करून कितीतरी वेळ ते मीटरकडे बघत राहिले. एकही काटा हलत नव्हता.

"तुला कसं कळलं?"

"मीच ढिला केला होता. मुरुडला जायचं राहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"तू?"

"हिचा हेवा वाटला म्हणून."

मी शिव्यांची वाट बघत होते. त्या मला हव्याच होत्या. पण ते म्हणाले, "म्हणजे मी बरोबर शोधत होतो? माझं काही चुकत नव्हतं?"

"काहीच चुकत नव्हतं तुमचं."

त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. आनंदाने रडत होते. माझ्यावर रागवायलाही त्यांना सवड नव्हती, इतका तो आनंद मोठा होता. आणि मी त्यांच्यापासून काय काढून घेतलं होतं ते मला तेव्हा कुठे समजलं. तेवढ्यात गुरव पायरीवर आले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "भाऊ, उजवा पडला."

वाऱ्याने पडला असेल. वाळून पडला असेल. मी त्यावर कोणाशी वाद घालत नाही. आत जाऊन देवीच्या पायरीवर डोकं ठेवलं आणि उठायचं विसरले, एवढंच आठवतं.

ह्यांना राग तिसऱ्या दिवशी आला, चांगला पोहे खाताना आला, आणि आठ दिवस माझ्याशी बोलणं नव्हतं. ते मी प्रसादासारखं घेतलं. गाडी गेली नाही. माझा हेवाही पुरता गेला, असं म्हणणार नाही. डॅशबोर्डखालून गुणगुणण्याचा आवाज आला की अजून कुठेतरी टोचतं. पण आता टोचलं तर सरळ सांगते. "आज माझ्याशी बोला, तिच्याशी उद्या." हे हसतात आणि बऱ्याचदा येतातही. इतकी वर्षं मी देवीकडे उत्तर ठरवून जायची आणि तिने फक्त मान डोलवावी अशी अपेक्षा करायची. शरण जाणं म्हणतात ते हे नव्हे, हे मला साठी उलटल्यावर एका गंजक्या नटाने शिकवलं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारच्या चहाला दूध सापडेना. शोधता शोधता ह्यांनी कपड्यांचं कपाट उघडलं, तर पातेलं आत, इस्त्रीच्या शर्टांवर. सकाळी दूध हेच तापवत होते. पातेल्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "हे तूच केलंस ना? त्या नटासारखं?"

त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तीच भीती होती, ती मला दिसली. मी म्हटलं, "होय हो, मीच. फोन वाजला, घाईत कुठे ठेवलं कळलंच नाही."

"धांदरट," म्हणाले, आणि मोकळे हसले. त्या दिवशी देवळापुढे मी खरं बोलले होते, म्हणूनच माझ्या या खोट्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी एकटीच वाघजाईला गेले आणि तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. गुरवांनी विचारलं, "वैनी, कळे लावू?" मी नको म्हटलं. विचारण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, मागावं काय तेही सुचलं नाही. तिने मला त्यांच्याजवळ ठेवलं आहे, एवढ्याबद्दल हात जोडले आणि जेवायच्या वेळेच्या आत घरी परत आले.