पहिल्या म्हावऱ्यावरचं नाव

प्रणितला मी पहिल्यांदा झापलं ते फुकटची कामं करतो म्हणून. विचुंब्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये तो वरच्या मजल्यावर राहायचा. दिवसभर नवीन पनवेलला कॉम्प्युटरच्या दुकानात राबायचं आणि घरी येऊन पुन्हा कॉम्प्युटरच उघडून बसायचं, हा त्याचा धंदा. भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा एक प्रोग्राम होता. जगभरचे लोक तो मिळून लिहीत. कोणीही वापरावा, कोणीही त्यातली चूक दुरुस्त करून पाठवावी. पगार शून्य.

"मग तुला मिळतं काय रे?"

"नाव लागतं, काका. मदत करणाऱ्यांची नावं प्रोग्राममध्येच असतात."

मी हसलो. त्याच्या घरात नावावरून काय चाललंय, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

त्याचे वडील आनंदाभाऊ, मोरा बंदरातले कोळी. फुप्फुसं कामातून गेली आणि होडी विकावी लागली. नव्या मालकानं केबिनवरचं 'आनंदा काशिराम कोळी' खरवडून स्वतःचं नाव रंगवलं, तेही भाऊ धक्क्यावर उभे असताना. मेल्याला दोन दिवस दम निघाला नाही! तेव्हापासून भाऊ गॅलरीतल्या खुर्चीत नाकाला नळी लावून बसलेले असायचे. म्हणायचे, "आता माजा नाव कुठंच नाय."

त्याच सुमारास प्रणितला ती चूक सापडली. आपलं घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे. प्रोग्राम त्यातला अर्धा तास खाऊन टाकायचा, त्यामुळे मोऱ्याची भरती भलत्याच वेळेला दाखवायचा. लिहिणाऱ्यांच्या देशांत असले अर्धे तास नसावेत. पोरानं डोकं खपवून चूक दुरुस्त केली. त्याची आयुष्यातली पहिली दुरुस्ती. पाठवताना खाली सहीच्या जागी त्यानं लिहिलं, 'आनंदा कोळी'.

त्यांच्या घरची रीतच तशी. पोरगा पहिल्यांदा जाळं टाकतो तेव्हा जे म्हावरं लागेल ते बापाच्या नावानं देवीला जातं. पोराचं नाव दुसऱ्या खेपेपासून. प्रणितनं होडीवर कधी जाळं टाकलंच नव्हतं. त्याचं पहिलं म्हावरं हेच.

"बाबा, नवीन प्रोग्राम निघतोय. त्यात तुमचा नाव येनार," त्यानं सांगून टाकलं. झालं! भाऊ रोज संध्याकाळी विचारायला लागले, "आला का रं माजा नाव?"

नाव आलं नाही, प्रश्न आला. तिथल्या प्रमुखानं, मार्टिननं, अगदी सभ्यपणे लिहिलं होतं. तुमचं स्वागत आहे, काम चांगलं आहे. पण ईमेल प्रणितचं आणि सही आनंदाची. आमच्याकडे ज्यानं लिहिलं त्यानंच सही करायची असते. तर हे लिहिलं कोणी?

प्रणितची बोबडी वळली. खोटं बोलवेना, आणि खरं सांगावं तर बापाचं नाव जाणार. उत्तर लिहायचा, पुसायचा. या घोळात नवीन आवृत्ती निघून गेली, त्याच्या दुरुस्तीशिवाय.

"पुढच्या वेळेला, बाबा."

भाऊंनी मान हलवली. पुढची वेळ त्यांना मिळाली नाही. गणपतीच्या आधीच गेले.

दिवस-कार्य उरकल्यावर प्रणितनं मार्टिनला सगळं खरं कळवलं. मार्टिनचं उत्तर आलं. वाईट वाटलं म्हणाला. नियम मोडता येत नाही, पण तू तुझं पूर्ण नाव हवं तसं लिही. प्रणितनं शाळेत लिहायचा तसं लिहिलं, 'प्रणित आनंदा कोळी'. दुरुस्ती त्याच दिवशी स्वीकारली गेली.

ती घेऊन पुढची आवृत्ती आली, तेव्हा त्यानं मला वर बोलावलं. आईला पडद्यासमोर बसवलं होतं. दमयंतीवहिनींना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी पदराला हात पुसले आणि बोट पुढे केलं.

"यात त्यांचा नाव कुठला?"

"मधला, आये."

"मधी? ते तर सुकानावर बसायचे." त्या हसल्या, म्हणून आम्हीही हसलो. बोट तिथंच होतं. मग त्यांनी विचारलं, "शालंत पन तू असाच लिवायचास ना?"

"हो."

"मंग तवाच असा कशाला नाय लिवलास? त्यांनी बगितला असता."

विचारण्यात राग नव्हता, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. बापाच्या मौतीला सगळ्यांना सावरणारा तो पोरगा आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलासारखा रडायला लागला, आणि त्यांना बिचाऱ्यांना कळेना, आपण असं काय विचारलं.