अक्काचे बुधवार

माझी थोरली बहीण दुःखी आहे असं आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण सगळे ते धरूनच चालले होते.

आम्ही तेव्हा मद्रासला वेस्ट मांबलममध्ये राहत होतो. अप्पा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. अक्का सैदापेटच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मी शेंडेफळ, इंटर झाल्यावर पुढे काय करावं ते न सुचून घरात बसले होते. मी एकोणीस वर्षांची, अक्का तेहतिशीची. आमच्या तंजावरकडच्या मराठी माणसांत तेहतीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी घरात असली, की सगळं घर हळू आवाजात बोलायला लागतं. आईने तिच्यासाठी सोळा सोमवार दोनदा केले. अप्पा तिच्याशी बोलताना आजाऱ्याशी बोलावं तसे बोलत. खुद्द अक्का मात्र सकाळी वेणी घालून, डबा घेऊन स्टेशनकडे चालू लागायची आणि संध्याकाळी पाय धुऊन माझ्याशेजारी व्हरांड्यात येऊन बसायची. समुद्रावरचा वारा त्या वेळेला आमच्या गल्लीपर्यंत पोचायचा. अक्का डोळे अर्धे मिटून बसे आणि हाक मारली तर जरा उशिरानेच ओ देई. तो उशीर म्हणजेच तिचं दुःख, अशी माझी समजूत होती.

गिंडीला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एका लहानशा कारखान्यात पुण्याचे एक गृहस्थ इंजिनियर म्हणून आले होते. चाळिशीच्या आतले, पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. अप्पांच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांचं स्थळ सुचवलं. एका रविवारी सकाळी ते घरी आले. अप्पा दारात जाऊन म्हणाले, "यावें, बसावें. कॉफी घेणार की?"

ते चकित होऊन हसले. "माझे पणजोबा असंच बोलत असणार," म्हणाले. त्या हसण्यात हेटाळणी नव्हती. आमची मराठी देशावरून निघाली तेव्हा जशी होती तशीच राहिली होती, फक्त मधून मधून तिच्यात तमिळ शिरलं होतं. ते आमचा एखादा शब्द ऐकून थांबत, मनाशी पुन्हा म्हणून बघत. मला ते आवडले. आईला तर इतके आवडले, की ती पडद्याआडून डोळे पुसत होती. अक्काशी ते अर्धा तास बोलले आणि जाताना अप्पांना सरळ सांगून गेले, "मला पसंत आहे. दीडेक वर्षात मी पुण्याला परत जाणार. त्यांनी विचार करून कळवावं."

"मला पंधरा दिवस द्या," अक्का म्हणाली.

"पंधरा दिवस कसाला?" आईने रात्रीपर्यंत तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "हे बघ, दर बुधवारी तिला यायला दोन तास उशीर होतो. शाळेत काम होतं म्हणते. दोन वर्षं झाली. बुधवारचंच कसलं ग काम? तू जा तिच्या मागं. बघून ये."

मी आनंदाने तयार झाले. बुधवार येईपर्यंत मी मनात एक पुरुष तयार करून ठेवला होता. त्याला चष्मा होता, तो परजातीचा होता आणि तो अक्काची वाट पाहत कुठल्याशा झाडाखाली उभा होता.

चैत्र संपत आला होता. विजेच्या गाडीने एकच स्टेशन जायचं होतं. शाळेसमोर शहाळ्यांच्या ढिगाआड मी उभी राहिले. शाळा सुटली. मुलींच्या लोंढ्यामागून अक्का छत्री उघडून बाहेर पडली आणि स्टेशनकडे न वळता अड्यार नदीच्या दिशेने चालू लागली. तिथे नदीकाठी धोब्यांनी कपडे वाळत घातले होते. दोऱ्यांवर ओळीने शेकडो चादरी, वेष्ट्या म्हणजे तमिळ धोतरं, साड्या. वाऱ्याने त्या फुगत, खाली बसत. अक्काची छत्री त्या पांढऱ्या भिंतींमधून कधी दिसे, कधी नाहीशी होई. मी तिच्या मागे चालत होते की झोपेत कुठे चालले होते, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. उन्हाला साबणाचा वास येत होता. मग ती दिसेनाशीच झाली.

मी शोधत पुढे गेले, तर एक गल्ली लागली. दोन्ही बाजूंना फणसाच्या लाकडाचे ओंडके पडलेले. कुठूनतरी एक सूर येत होता. एकच सूर. थांबे, पुन्हा येई, पण आधीच्यापेक्षा केसभर वेगळा. त्याच्यामागे जात मी एका झावळ्यांच्या छपरापाशी पोचले.

आत एक म्हातारे कारागीर मांडी घालून बसले होते. त्यांच्यापुढे वीणा होती आणि वीणेपाशी माझी बहीण. पदर खोचलेला, दोन्ही हात मनगटापर्यंत कोळशाच्या पुडीने काळे. वीणेच्या दांडीवर काळ्या मेणाचे दोन बांध असतात, त्यांवर पितळेचे चोवीस पडदे आडवे बसवायचे असतात. अक्का एक पडदा उबदार मेणावर टेकवत होती, तार छेडत होती, मान कलती करून ऐकत होती, पडदा नखाने किंचित सरकवत होती, पुन्हा छेडत होती. घरी हाकेला उशिरा ओ देणारी बाई इथे पूर्ण जागी होती.

तिने मला पाहिलं. दचकली नाही. "आलीस? आईनं पाठवली ना? आत ये. चपला बाहेर काढ."

सगळी हकीकत मला त्या म्हाताऱ्यांनीच सांगितली, तमिळमधून, मेण ढवळता ढवळता. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात शाळेच्या वीणेचे पडदे हलले म्हणून अक्का ती घेऊन आली होती. त्यांनी ती दुरुस्त केली. अक्काने सगळे पडदे एकदा वाजवून पाहिले आणि म्हणाली, "शेवटच्या दोन-तीन पडद्यांत काहीतरी राहिलंय." ते भडकले. चाळीस वर्षं हे काम करणाऱ्याला एक गणिताची मास्तरीण शिकवणार? वीणा तिच्या अंगावर ढकलून त्यांनी तिला घालवून दिलं.

"पण मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "वरचे सूर मला धड ऐकू येईनासे झाले होते. बायकोलाही सांगितलं नव्हतं. हिनं ओळखलं."

पुढच्या बुधवारी शाळा लवकर सुटली, म्हणून अक्का माफी मागायला आली आणि बसून राहिली. तेव्हापासून खालचे पडदे ते बसवत, वरचे अक्का. दांडीच्या मध्यावर बोट ठेवून ते मला म्हणाले, "इथून खाली मी. इथून वर ती."

"पण तुला तर गाणं येत नाही," मी अक्काला म्हटलं.

"लहानपणी शिकवायला यायचे ते मास्तर म्हणाले, गळा नाही. शिकवणी बंद झाली. कान आहे का, ते कुणी पाहिलंच नाही." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. तिचं लक्ष पडद्यावरच होतं. "ऐक. हा बरोबर आहे का?"

"आहे."

तिने तो सरकवला. "आता?"

"सारखाच वाटतो."

"नाही. थांब." आणखी एकदा, इतका थोडा, की मला तो हललेला दिसलाही नाही. मग तिने वरचा षड्ज छेडला, आणि ज्यांना कुणी हात लावला नव्हता त्या बाजूच्या तारा आपणहून थरथरल्या. सगळं लाकूड बोलू लागलं. म्हाताऱ्यांना तो सूर ऐकू येत नव्हता. त्यांनी भोपळ्यावर तळहात ठेवला आणि मान डोलावली.

त्यानंतर किती वेळ गेला कोण जाणे. झावळ्यांतून पडलेले उन्हाचे ठिपके जमिनीवरून भिंतीवर चढले. म्हाताऱ्यांच्या बायकोने ताक आणून दिलं. पलीकडे एक मांजर लाकडाच्या भुश्शात झोपलं होतं. मला कुठेही जायचं नव्हतं.

परतताना धोबी चादरी उतरवत होते. मी विचारलं, "अक्का, तू सुखी आहेस?"

ती हसली. मग म्हणाली, "वर्गात 'समजलं का' विचारलं, की काही मुली लगेच 'हो टीचर' म्हणून ओरडतात. त्यांना समजलेलं नसतं. जिला समजलेलं असतं ना, ती मान वर करत नाही. पुढचं गणित करत असते."

आईला मी खरं ते सांगितलं. तिला वाटलं मी काहीतरी लपवते आहे. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हे त्या पुण्याच्या गृहस्थांनाही कळायला हवं."

पुढच्या बुधवारी अक्का त्या पुण्याच्या गृहस्थांना स्वतःच तिथे घेऊन गेली. संध्याकाळी ते दोघे एकत्रच घरी आले. त्यांच्या शर्टाला काळं मेण लागलं होतं.

अक्का उभ्यानेच अप्पांना म्हणाली, "मी यांना नाही म्हणून सांगितलंय. माणूस चांगला आहे. पण मला इथून हलायचं नाही."

आईने कपाळाला हात लावला. ते गृहस्थ मात्र शांतपणे बसले होते. "मला वाईट वाटलं," ते अप्पांना म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण माझ्या कारखान्यात एखादा माणूस आपल्या कामावर असा बसलेला दिसला, तर मी त्याला दुसऱ्या यंत्रावर घालत नाही. मग यांना कसं सांगू, की चला पुण्याला?" त्यांनी कॉफी घेतली, आईला वाकून नमस्कार केला आणि गेले. पुढे त्यांचं लग्न झाल्याचं कानावर आलं.

आई तीन महिने अक्काशी बोलली नाही. पान वाढायची, पण तोंड फिरवून. अक्का जेवायची, भात पुन्हा मागून घ्यायची.

मला मात्र त्या दुपारचा ध्यास लागला. अक्काला सापडलं ते मलाही हवं होतं, म्हणून मी वीणा शिकायला लागले. शिकवणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. मी वर्षभर नेमाने बसले. बोटांना घट्टे पडले, पण मन दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे जाई. शेवटी वीणा कापडात गुंडाळून ठेवली, तेव्हा वाटलं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. अक्कासारखं बुडून जाणं आपल्या नशिबी नाही. तिचं सुख तिच्या मापाचं होतं, हे कळायला मला आणखी बराच काळ लागला.

ते कळलं एका कचेरीत. गावाबाहेर एक नवी वसाहत आखली जात होती. आज तिला अण्णा नगर म्हणतात. तिथल्या रस्त्यांचे, प्लॉटांचे नकाशे शाईने गिरवून काढायला मुली हव्या होत्या. अप्पांच्या आग्रहाखातर मी गेले. निळसर, आरपार दिसणारं मेणकापड, त्याखाली मूळ आराखडा, हातात रेघा ओढायचं पेन. काम कंटाळवाणं असणार अशी माझी खात्री होती. एके दिवशी मी एका रस्त्याचं वळण गिरवत होते. रेघ सुटू नये, जाड होऊ नये, म्हणून श्वास धरून. ती पुरी करून मान वर केली, तर खोलीत कुणी नव्हतं. सगळे जेवून परत यायच्या बेतात होते. जेवणाची घंटा मला ऐकूच आली नव्हती.

नंतर एका सुट्टीच्या सकाळी मी ती जागा बघायला गेले. तांबडी माती, ताडाची झाडं, खुंट्यांना बांधलेली सुतळी. माझं वळण तिथे जमिनीवर उमटलं होतं. मी त्याच्या कडेकडेने चालत गेले. अजून तिथे एकही घर नव्हतं, आणि मला मात्र खिडक्या दिसत होत्या, वाळत घातलेले कपडे, दारातल्या रांगोळ्या.

आईचा राग तोवर ओसरला होता. एका दुपारी आम्ही दोघी कीरैची पालेभाजी निवडत बसलो होतो. तिने एकदम विचारलं, "तुला ते नकाशे काढताना अक्कासारखं होतं का ग?"

"होतं."

ती थोडा वेळ पानं खुडत राहिली. "मला पोहताना व्हायचं," ती म्हणाली.

आईला पोहता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. लग्नाआधी तंजावरला वेण्णार नदीच्या पाण्यात ती रोज पोहायची. लग्नानंतर एकदाही नाही. कुणी मनाई केली नव्हती, पण कुणी विचारलंही नव्हतं.

पोंगलच्या सुट्टीत अक्का आणि मी तिला तिकडे घेऊन गेलो. नदी भरून वाहत होती. पहाटेचं धुकं पाण्यावरून सरकत होतं. आईने आम्हाला पायऱ्यांवर बसवलं, लुगड्याचा काष्टा आवळला आणि आम्ही काही म्हणायच्या आत पाण्यात शिरली. केस पिकलेली माझी आई हात मारत धुक्यात गेली. अक्का माझा दंड धरून उठून उभी राहिली होती. थोड्या वेळाने पलीकडच्या काठाशी आईचं डोकं दिसलं. तिथल्या दगडाला हात लावून ती गळ्याइतक्या पाण्यात थांबली होती. अक्काने हाक मारली. आईने ओ दिली नाही, आणि आम्ही पुन्हा हाक मारली नाही.