तीन आजार आणि सतरा स्टेशनं

२००६ सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या घरात माझ्या धाकट्या बहिणीचे तीन आजार एकाच खोलीत समोरासमोर आले. दिवस शनिवार, वेळ दुपारी साडेतीनची, उपस्थित बायका अकरा. तिन्ही आजार खोटे होते. खरा आजार चौथा होता, आणि तो जिला होता ती त्या वेळी स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या ताटलीत लावत होती.

बहीण तेव्हा सतरा वर्षांची, सिक्स्थ फॉर्मच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे इथल्या बारावीत. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी आणि जवळच्याच एका साप्ताहिकात शिकाऊ बातमीदार. कौन्सिलच्या बैठका, पार्किंगचे वाद आणि हरवलेली मांजरं हे माझे विषय. आई वृद्धांच्या वॉर्डात डॉक्टर, बाबा भूलतज्ज्ञ.

आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये शाळेच्या असेंब्लीत बहिणीला पहिला पॅनिक अ‍ॅटॅक आला. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आपण आता मरणार अशी तिची खात्री झाली. अँब्युलन्स आली. हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. दुसरा अ‍ॅटॅक ट्यूबच्या जुबिली लाइनच्या गाडीत आला, तिसरा त्याच गाडीच्या नुसत्या विचाराने. मग ती घराबाहेर पडेनाशी झाली. शाळा तीन महिने बुडाली.

लोक विचारू लागले. आईने महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींना सांगितलं, ग्लँड्युलर फीवर आहे. घसा सुजवणाऱ्या या तापाने इथली मुलं महिनोन्‌महिने घरी असतात, त्यामुळे पुढचे प्रश्न येत नाहीत, असा तिचा हिशेब. बाबांनी साउथहॅम्प्टनला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीला, म्हणजे आमच्या आत्याला, सांगितलं की रक्त कमी आहे. आत्या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. तिने पुढचे सहा महिने दर रविवारी फोन करून हिमोग्लोबिनचा आकडा विचारला आणि बाबांनी दर वेळी थोडा वाढवून सांगितला. तिसरा आजार माझा. समोरच्या घरातल्या काकूंनी मला कचऱ्याची बिनं बाहेर ठेवताना गाठलं. मी घाईत होते. पाठ धरलीय, म्हटलं. आमच्या साप्ताहिकात कुठलीही बातमी दोन सूत्रांकडून पडताळल्याशिवाय छापत नसत. हा नियम घरी लागू नव्हता.

ऑगस्टपासून बहीण एका क्लिनिकमध्ये जाऊ लागली. तिथल्या सायकॉलॉजिस्ट बाई आयरिश होत्या, बोलायला मऊ आणि गृहपाठाला कडक. स्टॅनमोरला जुबिली लाइन सुरू होते, त्यामुळे गाडी सुटण्याआधी काही मिनिटं दारं उघडी ठेवून उभी असते. बाईंनी याचा उपयोग केला. पहिला गृहपाठ: उभ्या गाडीत जाऊन बसायचं, दारं मिटायच्या आत उतरायचं. असं बारा वेळा. मग एक स्टेशन, कॅनन्स पार्क. मग दोन. प्रत्येक वेळी आपण किती घाबरलो त्याला दहापैकी मार्क द्यायचे आणि वहीत लिहायचे. एकदा गाडी सुटली की भीती उतरेपर्यंत उतरायचं नाही, हा मुख्य नियम. स्टेशनवरच्या माणसाला वाटलं, ही मुलगी रोज गाडी चुकवते. ‘पुढची येईलच, लव्ह,’ असं तो तिला रोज सांगायचा.

डिसेंबरपर्यंत ती विल्सडन ग्रीनला पोहोचली. सातवं स्टेशन. त्याच सुमाराला तिने जाहीर केलं की युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी करायचं.

“सायकॉलॉजी म्हणजे डॉक्टर नाही,” बाबा म्हणाले.

“माहितेय.”

“मेडिकल कर आणि मग सायकायट्रिस्ट हो. तेच आहे, वर प्रिस्क्रिप्शन लिहिता येतं.”

“बाबा, तुम्ही लोकांना झोपवता. मला जागं ठेवून करायचंय.”

बाबांनी यावर विचार केला आणि पेपर उघडला.

बहिणीचा एकच अर्ज पाच युनिव्हर्सिट्यांना जाणार होता. अर्जाबरोबर स्वतःविषयी सत्तेचाळीस ओळींत निवेदन लिहायचं असतं. इथल्या मराठी घरांत हे निवेदन मुलगा किंवा मुलगी एकटी लिहीत नाही. बहिणीच्या मसुद्यातली दहावी ओळ अशी होती: मला पॅनिक अ‍ॅटॅक येतात, आणि ते कमी कसे होतात हे मी एका गाडीत बसून शिकते आहे. आईने ती काढून ग्लँड्युलर फीवर घातला. बाबांनी शेवटी बॅडमिंटनची आवड घातली; बहिणीने रॅकेट शेवटची कधी धरली, हे कोणालाच सांगता आलं नाही. मी स्वल्पविराम तपासले.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शाळेतून बहिणीच्या शिक्षिकेचा फोन आला. त्यांच्या शिफारसपत्रात पॅनिक अ‍ॅटॅक होते आणि निवेदनात ताप. दोन कागद जुळत नव्हते. शिफारसपत्र बदलणार नाही, सोमवारी सकाळी अर्ज पाठवायचा आहे, तोवर काय ते ठरवा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

“लिही खरं,” आई म्हणाली. “आणि मग पाचही ठिकाणांहून नकार आला की रडू नकोस.”

“ते सायकॉलॉजीवाले आहेत, आई. त्यांना पॅनिक अ‍ॅटॅक माहितेय.”

“माहितेय म्हणूनच घेणार नाहीत. मला माहितेय म्हणून मी किती घाबरते बघ.”

“किती? दहापैकी?”

आई वाण मोजायला गेली. वाण म्हणून पाउंड शॉपमधले मापाच्या चमच्यांचे संच होते. शुक्रवारची चर्चा इथे संपली. निर्णय झाला नव्हता.

शनिवारी आत्या साउथहॅम्प्टनहून गाडी चालवत आली, सोबत बिटाचा हलवा आणि पालकाच्या वड्यांचा मोठा डबा. दिवाणखान्यात डबा उघडत ती म्हणाली, “लोहासाठी केल्यात. कुठाय ती? अजून पांढरीफटक आहे का?”

“लोह कशाला?” मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करणाऱ्या मावशी म्हणाल्या. “तिला तर ग्लँड्युलर फीवर ना? घशाला वड्या टोचतील हो. मी ज्येष्ठमध आणलाय.”

“घसा?” समोरच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती. त्यांनी तिच्यातून कमरेचा पट्टा काढला. चामड्याच्या रंगाचा, तीन बकलांचा. “मला तर पाठ सांगितली. ह्यांचा आहे, पण धुतलाय.”

अकरा जणींनी आईकडे पाहिलं. आईच्या एका हातात हळदीकुंकवाची कोयरी होती आणि दुसऱ्या हाताचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. मी दाराजवळ अत्तरदाणी घेऊन उभी होते. तिथून हलले नाही.

“तिन्ही आहेत,” आई म्हणाली.

“वहिनी,” आत्या म्हणाली, “तीस वर्षं प्रॅक्टिस करतेय. अशी केस बघितली नाही. लिहून काढा, जर्नलला पाठवू.”

बहीण तिळाच्या वड्यांची ताटली घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ताटली टीपॉयवर ठेवली आणि कोणाकडेही न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

“आत्या, रक्त ओके आहे. मावशी, घसा पण ओके आहे. काकू, पाठ ताईने बनवली. मला पॅनिक अ‍ॅटॅक येतात. ट्रेनमध्ये येतात, शाळेत येतात. आत्ता पण थोडा येतोय. प्लीज कुणी पाणी आणू नका, आपोआप जातो.”

कोणी पाणी आणलं नाही. कोणी काहीच केलं नाही. ती उभी राहिली. साधारण दोन मिनिटं गेली असतील. हा माझा अंदाज, घड्याळ पाहिलेलं नाही.

“गेला?” काकूंनी विचारलं.

“जातोय. चार.”

“चार म्हणजे?”

“दहापैकी.”

“मग हा पट्टा?”

“आईला द्या. तिची पाठ खरंच दुखते.”

पहिली हसली ती आत्या. त्यानंतर आईला वाटत होतं ते झालं नाही. बायकांनी मार्ग ठरवायला घेतला. कुठपर्यंत जातेस? विल्सडन ग्रीन. पुढे कुठे जायचंय? साउथहॅम्प्टनला, मार्चमध्ये, युनिव्हर्सिटीने बोलावलं तर. म्हणजे वॉटर्लूला गाडी बदलून.

“मी गाडीने नेते की,” मावशी म्हणाल्या. “एम थ्री मोटरवेने दीड तास.”

“नको मावशी. कुणी नेऊन सोडलं तर उपयोग नाही. मला घाबरत बसायचंय.”

“घाबरण्याची प्रॅक्टिस?”

“हो.”

“मग मी येते तुझ्याबरोबर,” काकू म्हणाल्या. “मीपण लिफ्टमध्ये जात नाही. एकोणीस वर्षं झाली. ह्यांना सांगते, गुडघ्यांसाठी जिने बरे.”

“काकू, तुम्ही आलात तर मला तुम्हाला सांभाळायला लागेल.”

काकूंना ते पटलं. त्यांनी पट्टा आईच्या शेजारी ठेवला.

पाहुण्या गेल्यावर आई बराच वेळ चमच्यांच्या संचांची रिकामी खोकी चपटी करत होती. “सगळ्यांना सांगितलंस,” ती म्हणाली.

“सगळ्यांना तू सांगितलंस, आई. मी फक्त दुरुस्ती दिली.”

रविवारी दुपारी आईने कॉम्प्युटर लावला. डोळ्यांवर वाचायचा चष्मा, कमरेला पट्टा. दहावी ओळ तिने स्वतः टाइप केली, पूर्वी होती तशी, आणि तिच्यापुढे तीन महिने शाळा का बुडाली त्याची एक ओळ घातली. एकूण अठ्ठेचाळीस झाल्या. एक काढणं भाग होतं. बाबांना वरच्या मजल्यावरून खाली बोलावण्यात आलं. त्यांनी उभ्या उभ्या निवेदन वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि बॅडमिंटन स्वतःच्या हाताने खोडलं. मग त्यांनी आत्याला फोन केला. संभाषण अकरा मिनिटं चाललं. त्यातला बाबांचा वाटा मुख्यतः ‘हो’ असा होता.

सोमवारी अर्ज गेला. फेब्रुवारीत पाचपैकी दोन ठिकाणांहून नकार आले. कारण दिलेलं नव्हतं. आईने ते फ्रिजवर लावले आणि बहिणीने काढले. फेब्रुवारीच्या शेवटी साउथहॅम्प्टनचं पत्र आलं: मार्चमधल्या एका शनिवारी भेटीला यावं, विभाग पाहावा, दोन प्राध्यापकांशी बोलावं, त्यानंतर जागेचा निर्णय कळवू.

फिंचली रोडनंतर जुबिली लाइन जमिनीखाली जाते. ते दहावं स्टेशन. वॉटर्लू सतरावं. बोलावण्याच्या आदल्या शनिवारपर्यंत बहीण बेकर स्ट्रीटपर्यंत दोनदा गेली होती. वहीत पहिल्या वेळी नऊ, दुसऱ्या वेळी आठ. तिथून पुढची चार स्टेशनं तिने एकदाही केलेली नव्हती.

भेटीच्या दिवशी सकाळी आई आणि मी तिला सोडायला गेलो. प्लॅटफॉर्मपर्यंत या, आत नाही, अशी अट होती. स्टॅनमोरला प्लॅटफॉर्मवर जायला लांब जिना उतरावा लागतो. आई तो पट्ट्यासकट उतरली. गाडी दारं उघडी ठेवून उभी होती. बहीण दुसऱ्या डब्यात दाराजवळ बसली, वही मांडीवर.

“उतरायचं असेल तर आत्ता उतर,” आई म्हणाली. “मी बघत नाहीये.” आणि तिने गाडीकडे पाठ केली.

“आई, सहा मिनिटं आहेत. सहा मिनिटं अशीच उभी राहणार?”

“हो.”

ती तशीच उभी राहिली. मागे दारं मिटल्याचा आवाज आला तेव्हा तिने मला विचारलं, “आत आहे का बाहेर?”

“आत.”

गाडी आठ वाजून बारा मिनिटांनी सुटली. पहिला मेसेज कॅनन्स पार्कहून: तीन. वेम्ब्ली पार्क: चार. विल्सडन ग्रीन: चार, समोरचा माणूस अंडं खातोय. फिंचली रोड: सात. त्यानंतर बोगदा, मेसेज नाही. आम्ही घरी आलो. आईने कणीक मळली, जी कोणालाही लागणार नव्हती. बाबा हॉस्पिटलमध्ये होते. त्यांनी दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा काही न विचारता हवामानाविषयी बोलले.

नऊ वाजून चार मिनिटांनी मेसेज आला: वॉटर्लू. बाँड स्ट्रीटला नऊ. आता सहा.

दहा वाजून सत्तावन्न मिनिटांनी आत्याचा फोन आला. तिची भाची साउथहॅम्प्टनच्या प्लॅटफॉर्मवर उतरली होती आणि पालकाची वडी खात होती.