कटल्यासाठी भोपळा

साऱ्या मावळात कटला मासा माझ्या आत्याच्या यजमानांइतका कुणालाच कळला नाही, असं माझं मत आहे. खुद्द त्यांचंही हेच मत होतं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. बाकीचे लोक गळ तळाशी सोडून बसत. मामा म्हणत, "कटल्याचं तोंड वर वळल्यालं. त्यो खाली कशाला बघंल?" कॉलेजात प्राणिशास्त्राच्या पुस्तकात मला हेच वाचायला मिळालं. सुटीत मी ते भीतभीत सांगितलं, तर म्हणाले, "बरं लिवलंय. कुनाला इचारलं असंल त्यानं?"

त्यांची युक्ती वाळलेल्या दुध्या भोपळ्याची होती. भोपळा कोरून, बुडाला भोकं पाडून त्यात शेंगदाण्याची पेंड आणि चुरमुरे भरायचे. तो पाण्यावर तरंगे, चारा हळूहळू सांडे आणि कटले वर येत. भोपळ्याखालीच वीतभर दोरीला कणकेची गोळी लावलेला गळ असे. मासा लागला की भोपळा गचकन हले, आणि मामा काठावरून काठीला बांधलेली दोरी ओढत. पहिला भोपळा मुठीएवढा होता, मग नारळाएवढा झाला, आणि शेवटी घागरीएवढा, वर चुना फासलेला. कान्हे स्टेशनावर तो काखेत पाहून तिकीट तपासनीस म्हणाला, "भजनाला का, आबा?"

"व्हय. ऐकनारी मंडळी वळवणच्या तळ्यात हायेत."

आत्या म्हणायची, "भोपळ्यापरीस मोठा मासा आना की कदीतरी!"

दिवाळीच्या सुटीत एकदा मी त्यांच्याबरोबर वळवणला गेलो. लख्ख ऊन होतं. भोपळा दोनदा हलला आणि चक्क बुडाला. मामा स्वस्थ.

"मामा, भोपळा!"

"बघतोय की."

ते बघत होते पलीकडच्या दगडावरच्या पांढऱ्या बगळ्याकडे. तेवढ्यात मासा सुटून गेला. मामांनी काठीची दोरी गुंडाळून घेतली. मग म्हणाले, "आत्याला बोलू नगं. काठ निसरडा. डोळं गेल्यालं कळलं तर ती हितं येऊ द्यायची न्हाई. मग दिसभर करू काय मी?"

मी शब्द दिला.

घरी आल्यावर मामा पाय धुवायला गेले, आणि आत्यानं मला परसात बोलावलं. मांडवावर एकच भोपळा जून व्हायला ठेवला होता. त्याच्या भारानं वेल तुटू नये म्हणून ती खाली सुतळीची झोळी बांधत होती.

"मोठा ठेव, आनखी मोठा ठेव, म्हनत्यात. दरसाली ह्येच," ती म्हणाली. "मला काय कळत न्हाई व्हय? ताटातली भाकर चाचपून घेत्यात."

"मग जाऊ कसं देतेस?"

"घरात बसवून काय करू त्येंचं?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू आज बघितलंस न्हवं? फुडल्या सालाला केवढा लागंल रं?"

मी बोलणार नाही असा शब्द दिला होता. बोललो नाही. दोन्ही हात नुसते फाकवून दाखवले.

आत्यानं अंदाज घेतला आणि भोपळ्याखालची झोळी आणखी सैल केली.