चुका मोजणारी सून

"टीवी चालतोय, फोन चालतोय, मंग त्या केबलीत वाईट काय हाय, सांग ना गं," विमलबाईंनी पुन्हा तेच विचारलं आणि परातीतली भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

"चालतंय, पण चुकत चालतंय, आई," प्राची म्हणाली.

"चुकत तर तुजा नवरापन चालतो. त्याला कुठं तू नापास केलास?"

ओटीवर बसलेल्या प्रवीणने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धाकटा दीर हर्षद मात्र उंबऱ्यातून हलायला तयार नव्हता. कोंडाणे गावच्या आरोग्य उपकेंद्रापर्यंत काचेच्या तंतूची इंटरनेट केबल टाकायचं आणि ती गावालाही जोडून द्यायचं हे त्याचं पहिलंच कंत्राट, आणि ती केबल पास करायची सही होती त्याच्या वहिनीची.

"वहिनी, घरचं मानूस घरच्याला नापास करतं का कुठं?"

प्राची मूळची खोपोलीची, शिळफाट्याजवळच्या चाळीत वाढलेली. डिप्लोमा करून कामाला लागली तेव्हा माहेरच्यांना वाटलं, ऑफिसात खुर्चीवर बसेल. ती जाऊन बसली डोंगराकडेच्या कोंदट खोल्यांत, चुका मोजणाऱ्या यंत्रासमोर. ते यंत्र एक आणि शून्य यांची ठरलेली रांग केबलमधून पाठवतं, पलीकडच्या टोकाकडून ती परत घेतं आणि वाटेत किती आकडे बदलले ते मोजतं. अब्जावधीत एखादा बदलला तर लाईन चांगली. साहेबांनी घाई केली, ठेकेदारांनी जेवायला बोलावलं, तरी प्राचीने चाचणी कधी अर्ध्यावर सोडली नव्हती. दिराचं काम आलं तेव्हा 'दुसऱ्या कुणाला पाठवा' असं तिने सांगितलंही होतं. कोंडाण्याला यायला कुणी तयार झालं नाही.

ती विमलबाईंजवळ बसली. "तांदळाच्या पोत्यात एखादा खडा चालतो, आई. इथं मुठीमुठीत खडा आहे."

"खडा दिसला की मी काढून टाकते. पोतं नाय फेकत."

"यंत्रंही काढतात. म्हणून तर तुमची मालिका दिसते. पण खडे वाढले की त्यांनाही झेपत नाही, आणि लाईन बंद पडते. त्या दिवशी उपकेंद्रात कुणाच्या छातीत दुखत असेल, तर त्याचा कार्डिओग्राम कर्जतच्या डॉक्टरला दिसायचा नाही."

विमलबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. प्राची हर्षदकडे वळली.

"भाऊजी, दुपारी केबलमध्ये उजेड सोडून बघितला. बिघाड किती लांब आहे ते त्यावरून कळतं. तेवढं अंतर चालत गेले, तर आपल्या राबात, भाताची रोपं टाकतो तिथंच पोचले. नकाशात केबल ओढ्याकाठाने आहे."

"तिथं नुसता कातळ, वहिनी. राबाची माती मऊ. जागा आपलीच, कुनाला इचारायचं नाय."

"खोल किती पुरलीत?"

त्याने कोपरापर्यंत हात दाखवला. ती बघत राहिली, तसं त्याचं बोट मनगटाकडे घसरलं.

"आन वरनं मी राब भाजला," विमलबाई हळूच म्हणाल्या. "शेन, कवळाच्या फांद्या, पाला रचून, दरसालसारखा. खाली काय पुरलंय ते मला कुनी बोललं का?"

"काच तुटली नाही," प्राची म्हणाली. "वरचं वेष्टन वितळून ती दबली आहे. तिथून उजेड गळतो."

प्रवीण पहिल्यांदाच बोलला. "आता सही करून टाक. भात लावून झाला की गुपचूप बदलू. तोवर कुनाला कळतंय?"

"पेरा तोंडावर आलाय गं," विमलबाईंनी भर घातली.

भाजलेला राब उकरला तर राख मातीत गाडली जाणार आणि रोपं जोर धरणार नाहीत, हे प्राचीला सांगावं लागत नव्हतं. लग्न झाल्यापासून दर आवणीला, म्हणजे भातलावणीला, ती त्याच चिखलात उभी राहिली होती. पण पावसाळाभर उपकेंद्र त्याच केबलवर चालणार होतं, आणि 'चांगली आहे' या शेऱ्याखाली नाव तिचं असणार होतं.

ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी राब उकरून केबलचा जळका भाग काढायचा, चांगली टोकं मोकळी करायची. त्या टोकांना जोडलेली नवी केबल ओढ्याकाठाने, कातळ फोडून, नकाशात आहे तेवढी खोल जाईल. यंदा रोपं शेताच्या खालच्या तुकड्यात टाकायची. खणायला मीपण आहे, सुट्टी टाकली आहे. चाचणी पास होईपर्यंत सही होणार नाही."