रहाटाचा बुश कशाचा?

कॉलेजात सायन्स शिकणाऱ्या माणसाला घरचे काही विचारत नाहीत. त्यालाच आपणहून सांगावं लागतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी सुट्टीत डोणगावला आलो, अन् तिसऱ्याच दिवशी विहिरीवरचा लोखंडी रहाट करकरून थांबला. आसाखालचा बुश, म्हणजे बांगडीएवढं काळं कुळकुळीत कडं, तडकला होता. वांग्यांनी माना टाकलेल्या. संध्याकाळपर्यंत पाणी मिळालं नाही तर मळा गेलाच म्हणून समजा!

“दे इकडे, मी पायतो त्याचं,” बाबा घाईघाईनं म्हणाले.

“असं कसं? कशाचा हाय हे कयल्याबिगर नवा कसा आनान?” (गावात पाऊल टाकलं की जीभ गावाचीच!)

“अबे, दे म्हनतो नं!”

दिला नाही. लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटेना. चाकूनं खरवडलं, नुसतं वंगण निघालं. हुंगलं. शेवटी चावलंसुद्धा! (हे अभ्यासक्रमात नव्हतं.)

“मिश्रधातू हाय!” मी जाहीर केलं.

“मंग मेहकरच्या बाजारात भेटन का?” शेजारच्या मळ्यातले नथ्थूकाका म्हणाले.

“मेहकरले? मुंबईहून मागवा लागन!”

बाबांना जोराचा ठसका लागला. मला वाटलं, खर्चाचा असेल.

तेवढ्यात आई भाकरी घेऊन आली. प्रेक्षक वाढले, तसा मलाही जोर चढला. “आता घनता काढतो!” म्हणून दोरानं पाणी शेंदून बादली काठोकाठ भरली अन् बुश टाकला.

बुश तरंगला!

“हा तं पोहून राह्यला बे!” नथ्थूकाका ओरडले.

“हलका मिश्रधातू हाय,” मी म्हणालो. माघार घेणं आमच्या घराण्यात नाही!

आईनं तो उचलून पदरानं पुसला अन् तिचे डोळे मोठे झाले. “अवो माय! हे तं माह्या कांडाच्या मुसयाचं टोक! माहेराहून, बीबीहून आनलेलं! या तीन रेघा माह्या बापानं कोरल्या!”

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

“तुमी तं म्हनले, उधई लागली म्हनून कापलं!”

“तवा रहाट बंद पडला होता,” बाबा जमिनीकडे पाहत म्हणाले. “बाभयीचं लाकूड, तेलात मुरवलं. सात वर्सं चाललं नं पन!”

“सात वर्सं लबाड बोलले!”

आईनं वांग्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, “दुसरं टोक हाय अजून. पन या खेपेले माह्यासमोर कापा!”

बाबांनी कापलं, कोरलं, तेल पाजलं. दिवस मावळायच्या आत पाणी खळखळत पाटाला लागलं. बापाच्या हातची ती कारागिरी पाहून माझा ऊर खरंच भरून आला.

अन् बाबा? ते अख्ख्या गावात सांगत सुटले, “माह्या पोरानं पान्यात टाकल्याबरोबर ओयखलं!”

मीही ते कधी खोडून काढलं नाही. लाकूड पाण्यावर तरंगतं हे कळायला ज्याला कॉलेजात जावं लागलं असा डोणगावातला पहिला माणूस मीच!