इंदुताईंनी परत घेतलेला शब्द

प्रा. इंदुताई वसमतकर यांची नि माझी ओळख एका लाल किड्याने करून दिली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शहरातल्या आबिड्स भागात बँकेत नोकरीला होतो. मित्राच्या आग्रहाखातर ताईंच्या रविवारच्या निसर्गफेरीला गेलो. माधापूरच्या माळावर मखमली लाल किडा दिसताच मी ऐटीत म्हणालो, "हा मृगाचा किडा." मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, बीरबहुटी है ये!"

"नावं राहू द्या," ताई म्हणाल्या, "आधी पाय मोजा."

पाय आठ भरले. म्हणजे तो कीटक नव्हेच, कोळ्यांचा नातलग! माझी ऐट तिथेच उतरली आणि मी ताईंचा कायमचा चेला झालो.

ताई महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. शहरात तेव्हा नवा पैसा खुळखुळू लागला होता, माळावर प्लॉटचे दगड रोवले जात होते. त्याच दगडांवर बसून ताई आम्हांला भुंगे आणि भूछत्रं ओळखायला शिकवत. भूछत्राची टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर उपडी ठेवायची, सकाळी गळालेल्या भुकटीच्या ठशाचा रंग पाहायचा आणि मगच नाव घ्यायचं, हा त्यांचा दंडक. माझ्या धाकटीला त्यांनी स्वतःचं भिंग देऊन टाकलं होतं.

एकदा मात्र घाई झाली. हॉटेलांत मशरूमची टूम निघालेली, आणि मला गवतात पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचा ताटवाच सापडला. परतीची बस सुटत होती. "ताई, चालतील का खायला?" ताईंनी वरवर पाहिलं. "हो, ही खातात."

मी पिशवी भरून घरी आणल्या. सवयीने त्यांनीही एक छत्री घरी नेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठी भागातल्या आमच्या घराचं दार धडाधडा वाजलं. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून शहरातल्याच हिमायतनगरहून ऑटो करून, गल्लीत पत्ता विचारत ताई जिना चढून आल्या होत्या. मुलं ताटांवर बसली होती, कढई गॅसवर होती.

"वहिनी, गॅस बंद करा! ते खाऊ नक्को!"

त्यांच्या हातातल्या कागदावर हिरवट ठसा होता. तो पांढरा हवा होता. ही जात विषारी. मोठ्यांचे उलट्यांनी हाल होतात, लहानांच्या जिवावरही बेतू शकतं. सौ.ने कढई उतरवली आणि ताई तिथेच जमिनीवर बसून रडल्या.

पुढच्या रविवारी विद्यार्थ्यांसकट सगळ्यांसमोर त्या उभ्या राहिल्या. "मी न तपासता बोलले. माझं चुकलं." मी मध्येच म्हणालो, "ताई, झालं ते झालं. कुणाला सांगायची काय गरज?"

"तुम्ही सगळे माझ्या शब्दावर विसंबता, म्हणून सांगते."

विद्वान माणसं मी पुष्कळ पाहिली. भरसभेत आपला शब्द असा परत घेणारं दुसरं कुणी पाहिलं नाही. अशा बाईंचा मी शिष्य आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

ताई, पंचाहत्तरीनंतरही तुमचे पाय माळावर असेच चालोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि तुम्हांला भरपूर निरोगी आयुष्य लाभो. आज तुमच्या गौरवाच्या पंगतीला आमच्या घरची चौघंही जेवायला आहोत.